न उतरलेली उडी

“श्वास घ्या. रोखा. हलू नका.”

काचेमागून एवढं म्हणायचं, बटण दाबायचं, यंत्र घूं करून गप्प झालं की “सोडा” म्हणायचं. एवढ्या बोलण्यावर तिने उभी नोकरी काढली. हॉस्पिटलचं तळघर, ट्यूबलाइटचा उजेड, खुंटीवर शिशाचा जड एप्रन आणि दाराबाहेरच्या बाकावर कुठे ना कुठे मोडलेली माणसं. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला पेशंटच्या चपलांवरून कळायचं.

टेबलावरून उठता उठता प्रत्येक जण विचारायचा, “काय दिसलं हो?”

“डॉक्टर सांगतील.”

नियमच तसा होता. फोटो काढणाऱ्याने फोटो काढायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा पगार जास्त, म्हणून शब्दही त्यांच्याच मालकीचे. तिला हे मान्य होतं असं नाही, पण सवयीपुढे मान्य-अमान्य कोण विचारतं! जिच्याबरोबर दोन खोल्यांत जन्म काढला ती थोरली बहीणसुद्धा एकदा खोकून खोकून त्याच टेबलासमोर येऊन उभी राहिली. पडद्यावर छातीत पांढरा डाग उमटला. बटणं लावता लावता ताईने विचारलं, “काय दिसलं गं?” आणि धाकटीच्या तोंडून तेच निघालं, “डॉक्टर सांगतील.” ताईने एकदा तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर मरेपर्यंत तिने आजाराबद्दल घरात एक प्रश्न विचारला नाही.

ताईला जाऊन आता बराच काळ लोटला होता. कपाटातला तिचा कप्पा तसाच होता, आणि रविवार तर त्याहून तसाच. बाकीचे दिवस हॉस्पिटल रेटून न्यायचं. रविवारी दुपारी मात्र घड्याळ भिंतीवर नुसतं लटकायचं. दादा, म्हणजे दूरच्या गावातला थोरला भाऊ, फोन करायचा, “बरी आहेस ना?” ती “हो” म्हणायची. दोघांनाही पुढचं वाक्य सापडायचं नाही, मग दादा म्हणायचा, “ठेवतो मग.”

अशातच एक दिवस ती ठेंगणी मुलगी मनगट धरून बाकावर येऊन बसली. ती कपडे इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. डोकं गोल, केस कापून टाकलेले, गुडघ्यावर खपल्या. याआधीही तेच मनगट घेऊन आली होती.

“पुन्हा पडलीस?”

“पडले नाही. पाडलं.”

“कुणी?”

“पायऱ्यांनी.”

“मग त्या पायऱ्यांना आण एकदा इकडे. त्यांचाही फोटो काढते.”

मुलगी हसली आणि हसता हसता कळवळली. “त्या येणार नाहीत. तूच ये. रविवारी, जुन्या टेलिफोन कचेरीच्या मागच्या अंगणात. आणि हे बघ मावशी, कुणाला बोलू नकोस. जागा सांगायची नसते.”

“मला कशी सांगितलीस मग?”

“तू कुणाला काय सांगणार? तू तर पेशंटला पण सांगत नाहीस.”

हे लागलं तिला. पण ती गेली.

कचेरी बंद पडून जमाना झाला होता. पुढच्या दाराला साखळी, मागे मोठं दगडी अंगण, त्यात उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आणि बाजूने गुळगुळीत कठडा. लोकांच्या पैशाने बांधलेली जागा, आणि लोक येऊन बसू नयेत म्हणून त्याच कठड्यावर कुणा साहेबाने हात-हातभर अंतरावर लोखंडी गुंड्या ठोकून घेतलेल्या! मोकळं अंगण दिसलं की काही लोकांच्या पोटात दुखतंच. पोरांनी त्यातल्या काही गुंड्या उपटून कठड्याला मेण चोळलं होतं, म्हणजे चार चाकांची फळी त्यावरून सुळकन घसरते. स्केटबोर्ड कुणी म्हणायचं नाही. फळीच म्हणायचं.

मनगटवालीचं नाव इथे गोटी. पॅन्टला गुडघ्यावर ठिगळ लावलेला एक लांबोडका, तो ठिगळ. आणि तिशी ओलांडलेला, टायरच्या दुकानात काम करणारा, काळ्या झालेल्या नखांचा एक, ज्याने या सगळ्यांना फळीवर उभं राहायला शिकवलं, तो मास्तर. बाकीची चार-पाच टाळकी येऊनजाऊन असायची.

“ही कोण?” मास्तरने विचारलं.

“एक्सरेमावशी. माझी सगळी हाडं हिने पाहिलीत.”

“माझी नाही पाहिली अजून,” मास्तर म्हणाला.

“रांगेत बसा,” ती म्हणाली. सगळे हसले, आणि तिला कठड्याच्या टोकाशी सावलीत जागा मिळाली.

पहिल्याच दिवशी तिने दोन चुका केल्या. ठिगळने कठड्यावरून घसरत येऊन झोकात उतरून दाखवलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी असं पाहिलं की जणू प्रेतयात्रेत कुणी शिट्टी मारली. मग मास्तरने आपल्या फळीचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, जमिनीवर आपटलं. टक, टक, टक. लगेच सगळ्या फळ्या दगडावर वाजू लागल्या. इथली शाबासकी ही. दुसरी चूक म्हणजे घरंगळत आलेली एक फळी तिने उचलून दिली. “ए मावशी, हात नको लावू!” गोटी ओरडली. “ज्याची त्याने उचलायची. मालकाने पुढे केली तरच घ्यायची.” शाबासकीसाठी तिच्याकडे वाजवायला काहीच नव्हतं. मग ती नुसती मान हलवायची.

कॅमेरा तिच्याकडे होता. रिटायर होताना एका हाडांच्या डॉक्टरने कपाट आवरलं, त्यातला जुना रोलवाला कॅमेरा तिने मागून घेतला होता. हॉस्पिटलात कॉम्प्युटरवरचे एक्सरे सुरू झाले तेव्हा फिल्म धुवायचा ट्रे आणि लाल दिवाही भंगारात निघाला होता, तोही तिने घरी नेला. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकलं की झाली डार्करूम. फोटो धुणं तिला नवीन नव्हतं. माणसाचं आतलं धुणारीला बाहेरचं धुवायला काय लागतं! पण कशाचे फोटो काढायचे, हे मात्र तिला इतकी वर्षं उमगलं नव्हतं. ताईचे काही, खिडकीचे काही, बस्स.

आता उमगलं. जन्मभर “हलू नका” म्हणून घालवलेल्या बाईला अशी माणसं सापडली होती जी थांबायला तयारच नव्हती.

पोरं सपासप फोन काढून दहा-वीस फोटो मारायची. ही तसं करायची नाही. रोल मोजका. ती कठड्याशी बसून पोरांचा श्वास बघायची. उडी मारायच्या आधी माणूस श्वास घेतो, हवेत रोखतो आणि पाय टेकताना सोडतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रोखलेल्या श्वासाच्या ऐन मध्यावर ती बटण दाबायची. म्हणून तिच्या फोटोंत माणसं उडी मारताना दिसत नसत, हवेत राहायला आलेली दिसत. पायाखाली फळी, फळीखाली काही नाही, आणि खाली अंगणात सावली मालकाची वाट बघत पडलेली. लोखंडी गुंड्या, खपल्या, मेणाचा काळा पट्टा, भिंतीला टेकून झोपलेली फळी, असंही ती टिपायची. अंगण रिकामं होत आलं की ती निघायची. घरी न्हाणीघरात लाल उजेडात पाण्याखाली हळूहळू एकेकाचा चेहरा वर यायचा आणि तिला वाटायचं, आलं कुणीतरी.

दोरीवर ताईच्या साड्या वाळायच्या तिथे आता पोरं वाळायची.

एका रविवारी तिने ठिगळला त्याचा फोटो नेऊन दिला. सुरेख फोटो. ठिगळने पाहिला, उलटा केला आणि परत दिला.

“का रे? चांगला नाही आला?”

“चांगला आलाय. पण ही उडी उतरली नव्हती. मी पडलो होतो.”

“पण फोटोत कुठे पडलायस?”

“तेच ना,” ठिगळ म्हणाला. मग गोटीने समजावलं, “मावशी, न उतरलेल्या उडीचा फोटो लावत नाहीत. लावला तर तो थापाड्या ठरतो. वर काय, कुणीही जातं.”

तिला ते पोरकट वाटलं. ती मनात म्हणाली, फोटोत जे दिसतं ते दिसतं. पुढचं सांगणं फोटोचं काम नाही.

पण फोटो तिने परत घेतला, आणि रविवार चालू राहिले. ती आली की कुणीतरी “आली का मावशी” म्हणायचं. नाव कुणी विचारलं नाही, घर कुठे हेही नाही. तरी एका रविवारी ताप आला म्हणून ती गेली नव्हती, तर पुढच्या वेळी मास्तर म्हणाला, “कठडा भुंडा दिसत होता.” एवढ्या एका वाक्यावर तिचा पुढचा आठवडा गेला.

एक्सरेच्या बाकासमोरच्या भिंतीवर तिने चार फोटो चिकटवले होते, वाट बघणाऱ्यांना बघायला. त्या फोटोंखाली एक दिवस सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन एक बाई बसल्या. चष्म्याला साखळी, पायात मऊ बूट. त्यांची चित्रांची गॅलरी होती. मनगट राहिलं बाजूला, त्या फोटोंनाच चिकटल्या.

“हे कुणी काढलेत?”

“मीच. हात सरळ ठेवा.”

“तुमच्याकडे असे अजून आहेत?”

“आहेत. हलू नका.”

महिनाभरात प्रदर्शन ठरलं. सगळी एक खोली तिची. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “त्या उनाड पोरांचे फोटो? या वयात? आणि लोक तिकीट काढून बघणार?” “तिकीट नाही रे दादा, फुकट असतं.” “मग ठीक आहे,” दादा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

अंगणात मात्र धमाल उडाली. “आपण भिंतीवर!” गोटी नाचली.  मास्तर तेवढा मोठ्या पायऱ्यांकडे बघत होता. कठडा, छोट्या पायऱ्या, कट्टे सगळे सगळ्यांचे करून झाले होते, पण वरपासून खालपर्यंत सगळ्या पायऱ्या एका उडीत पार करणं कुणाला जमलेलं नव्हतं. मास्तर वर्षानुवर्षं वर उभा राहायचा, खाली बघायचा आणि परत फिरायचा. गुडघे कुरकुरायला लागले होते. आता नाही तर कधीच नाही, हे त्यालाही कळत होतं.

“एक्सरे,” तो म्हणाला, “तुझ्या भिंतीसाठी एक देतो.”

“काही नको. आहेत माझ्याकडे भरपूर.”

“आहेत गं. ही नाही.”

पुढच्या रविवारी दुपारी तो वर गेला. कचेरीचा वॉचमन पुढच्या दाराशी डुलक्या काढत होता. पोरांनी पायऱ्यांवरचा कचरा झाडला, खडे वेचले. मावशी खाली एका गुडघ्यावर बसली. मास्तर मागे गेला, धावत आला, फळीवर चढला, चाकांचा आवाज वाढत गेला आणि एकदम बंद झाला.

त्याने श्वास रोखला. तिनेही रोखला. बटण दाबलं.

मग आवाज आला, तो टक नव्हता.

फळी घरंगळत लांब गेली. कुणी उचलली नाही. मास्तर घोटा धरून पडला होता आणि ओरडतसुद्धा नव्हता. तेवढ्यात वॉचमन शिट्टी फुंकत आला, आणि पडलेल्या माणसाला बघून त्याने शिट्टी खिशात घातली. बिचाऱ्याने हात दिला. अशा वेळी नोकर माणसं साहेबाची राहत नाहीत, एवढं तरी बरं.

हॉस्पिटलात रविवारी ड्युटीवर दुसरा होता, तरी मावशीने स्वतः एप्रन चढवला. “श्वास घ्या. रोखा,” ती म्हणाली आणि तिचाच श्वास अडकला. पायाच्या फोटोला श्वास रोखायची गरजच नसते! मास्तर वेदनेतही हसला.

“काय दिसलं, एक्सरे?”

“डॉक्टर सांगतील.”

त्या आठवड्यात तिने तो रोल धुतला. लाल उजेडात मास्तर पाण्याखालून वर आला तेव्हा तिने तो उचलून दिव्याजवळ धरला. असा फोटो माणसाला जन्मात एकदा मिळतो. हात पसरलेले, चेहऱ्यावर कसली भीती नाही, घाई नाही, खाली सगळ्या पायऱ्या रांगेने वाकलेल्या. त्याच्या मोडक्या घोट्याचाही फोटो तिनेच काढलेला, पण तो हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरात. हा तिचा.

गॅलरीवाल्या बाईंनी तो पाहिला आणि बाकीचे बाजूला सारले. “समोरच्या भिंतीवर हा. एकटा. माणसाएवढा मोठा. आमंत्रणपत्रिकेवरही हाच. नाव देऊ या, ‘जिंकलेला क्षण’. चालेल?”

इथे बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. ठिगळने परत केलेला फोटो तिला आठवला नाही असं नाही, चांगला आठवला. पण मनाने वकिली सुरू केली. मास्तरने भिंतीसाठीच तर उडी मारली. पाय गेला, निदान भिंत तरी मिळू दे त्याला. आणि खरं सांगायचं तर, तिलाही ती भिंत हवी होती. समोरची, माणसाएवढी. तोंड उघडायची सवय नव्हतीच.

“तुम्हाला योग्य वाटेल ते,” ती म्हणाली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी तिने ताईची निळी साडी नेसली. खोली पांढरीफेक, दिवे नेमके फोटोंवर. ग्लास धरलेली माणसं मान तिरकी करून बघत होती, “काय उंची आहे!”, “काय मुक्ती आहे!” असं काहीबाही बोलत होती. कुणी तिलाच विचारलं, “तुम्ही इथे स्टाफमध्ये का?” तिने उत्तर द्यायचे कष्ट घेतले नाहीत.

आणि मग ती सगळी आली. काखेत फळ्या, केस ओले करून बसवलेले, ठिगळची पॅन्ट चक्क धड. मध्ये मास्तर, कुबडीवर, पायाला प्लास्टर. दाराशी माणूस फळ्या बाहेर ठेवा म्हणाला तशी मावशी तरातरा गेली, “माझी माणसं आहेत. फळ्या आत येतील.” आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाबद्दल असं म्हणत होती.

पोरं आत आली. गोटीला स्वतःचा फोटो दिसला आणि तिने फळीचं शेपूट फरशीवर आपटलं. टक टक. ग्लासवाली माणसं दचकली. ठिगळने आपटलं. एकेका फोटोपुढे टकटक होत ती पुढे सरकत होती आणि मावशीचे डोळे भरून येत होते.

मग ती समोरच्या भिंतीपुढे आली.

आवाज थांबला. वर मास्तर हवेत होता, खाली मास्तर कुबडीवर. बाजूच्या पट्टीवर छापलेलं होतं, ‘जिंकलेला क्षण’. मास्तरने ते हळूहळू वाचलं. त्याचा चेहरा लाल झाला नाही, पडला. गोटी मावशीकडे बघत होती, आपल्याला कुणीतरी विकलं आहे अशी.

“मावशी, तुला सांगितलं होतं.”

“अगं, पण किती सुंदर...”

“सुंदर आहे,” मास्तर म्हणाला. “पण हा मी नाही. मला कुणीतरी विचारेल, तू ती केलीस का? मग मी काय सांगू? फोटो बघा म्हणू?”

साखळीचा चष्मा लावलेल्या बाई लगबगीने आल्या. “अरे, हेच का ते! अभिनंदन! काय उडी मारलीत!”

मास्तरने त्यांना नमस्कारासारखी मान हलवली आणि वळला. कुबडीच्या मागे सगळ्या फळ्या गेल्या. एकही वाजली नाही.

त्या रविवारी ती अंगणात गेली तर कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. कठड्यावर मेणाचा काळा पट्टा, एक तुटकं चाक, आणि उपटलेल्या गुंड्यांच्या जागी नव्या चकचकीत गुंड्या ठोकलेल्या. वॉचमन म्हणाला, “गेली पोरं. दुसरी जागा धरली म्हणतात.”

“कुठे?”

“मला सांगतील होय?”

तिलाही कुणी सांगणार नव्हतं. जागा सांगायची नसते. ज्याला न्यायचं त्याला घेऊन जातात. ती शहरभर हिंडली, पूल, बाजारामागचे कट्टे, बंद शाळेचं पटांगण. चाकांच्या आवाजाने कान टवकारायची, तर सामानाची ढकलगाडी निघायची. घरी दोरीवर पोरं वाळत होती ती तिने काढून ठेवली. दादाचा फोन आला. “बरी आहेस ना?” “हो.” मग पुढचं वाक्य नेहमीसारखं सापडेना.

प्रदर्शन संपायच्या आधी ती गॅलरीत गेली.

“समोरचा फोटो खाली घ्यायचा आहे.”

“का?” बाई चकित झाल्या. “अहो, त्याच्यासाठीच तर लोक येताहेत.”

“ती उडी उतरली नव्हती. तो पडला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

बाई समजूतदार हसल्या. असं हसणाऱ्या माणसांचा तिला पहिल्यापासून राग. “पडण्याचा प्रश्नच कुठे आहे? कलेत तो क्षण अमर झाला ना! हवं तर नाव बदलू.”

“क्षण झाला असेल. माणूस कुबडीवर आहे. खाली घ्या म्हटलं ना!”

“हे बघा, असं केलंत तर पुन्हा तुम्हाला कुठे कुणी बोलावणार नाही.”

“आधी तरी कोण बोलवत होतं?”

तिने राखणदाराची खुर्ची ओढली, पदर खोचला आणि चढली. बाई “अहो, अहो” करत राहिल्या. शेवटी राखणदारानेच दुसरी बाजू धरली, नाही तर म्हातारी भिंतीसकट खाली आली असती. बसमध्ये ड्रायव्हर ओरडला, “हा दरवाजा घेऊन कुठे निघालात?” घरी ती चौकट कुठेच मावेना. शेवटी भिंतीकडे तोंड करून उभी केली. चौकटीच्या मागच्या लाकडी पाठीला टेकून ती चहा प्यायची. दोन खोल्यांत आता ताईचा कप्पा आणि मास्तरची पाठ, अशी सोबत होती.

मास्तर प्लास्टर काढल्यानंतर तळघरात आला. एकटाच. बाकासमोरच्या भिंतीवर चौकोनी डाग राहिले होते, तिने तेही फोटो काढून टाकले होते. त्याने ते पाहिलं आणि टेबलावर जाऊन बसला.

“पाय असा ठेवा. हलू नका,” ती म्हणाली. कुठल्याही पेशंटशी बोलावं तसं अहो-जाहो. काचेमागे जाऊन तिने बटण दाबलं. पडद्यावर घोटा उमटला आणि ती बघत राहिली.

मास्तर टेबलावरून उतरला, कुबडी घेतली आणि दाराकडे निघाला. त्याने काही विचारलंच नाही. ताईनेही नंतर काही विचारलं नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली.

तो थांबला.

“इकडे ये. बघ.” तिने पडदा त्याच्याकडे फिरवला. “हाड जुळलंय. पण इथे बघ, सांध्यात पायरी पडलीय. एक बाजू वर, एक खाली. डॉक्टर गोड बोलतील, बघू म्हणतील, व्यायाम सांगतील. तू चालशील. जिने चढशील. कामावर जाशील. त्या पायऱ्यांवरून मात्र पुन्हा नाही.”

मास्तरने पडद्यावरच्या त्या पायरीवर बोट ठेवलं.

“सांगायची परवानगी आहे तुला?”

“नाही.”

“नक्की नाही?” हे तो परवानगीबद्दल नाही, पायऱ्यांबद्दल विचारत होता.

“नक्की नाही,” ती म्हणाली. “तो फोटो मी खाली घेतला. घरी आहे, भिंतीकडे तोंड करून.”

त्याचा जबडा हलला. तो शिव्या देईल असं तिला वाटलं, आणि तिने त्या घेतल्याही असत्या. तो वळून निघून गेला. कॉरिडॉरमध्ये कुबडीचा आवाज लांबत गेला.

रविवारी ती अंगणात गेली. कुणी भेटेल म्हणून नव्हे, घरात त्या चौकटीशेजारी बसवेना म्हणून. कॅमेरा पिशवीतच होता. कठड्यावर नव्या गुंड्यांमुळे बसता येईना, तेव्हा ती मोठ्या पायऱ्यांच्या तळाशी उभी राहिली. ऊन दगडावर तापलं होतं.

चाकांचा आवाज आला. सामानाची गाडी असेल म्हणून तिने मान वळवली नाही.

मास्तर होता. एका हाताने कुबडी टेकत, धड पायाने फळी पुढे ढकलत येत होता. तिच्यापासून थोडं अंतर राखून तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसला. त्या दिवशी जिथे पाय टेकायचे होते, त्याच्या समोरच.

“बाकीचे?” तिने विचारलं.

“नव्या जागी. न्यायला आले होते मला. म्हटलं, बघत बसायला येत नाही.”

“गोटी?”

“रागावलीय.”

“किती?”

“बरीच.”

दोघं वर बघत राहिले. ती उभीच होती. पायऱ्या खालून फार उंच दिसत होत्या. एक कबुतर वरच्या टोकाला आलं, त्याने खाली बघितलं आणि चालत परत गेलं.

“ते शहाणं आहे,” मास्तर म्हणाला.

ती हसली नाही. तोही नाही.

मग त्याने कुबडीच्या टोकाने आपली फळी तिच्याकडे सरकवली. ती तिच्या पायाशी येऊन थांबली. तिने हात लावला नाही.

“बस की,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “दगड तापलाय.”

ती साडी आवरून जपून बसली तशी फळी वीतभर पुढे पळाली आणि तिने घाबरून दोन्ही हात जमिनीवर टेकले. मास्तरने कुबडी आडवी घालून चाक अडवलं. “हलू नका,” तो म्हणाला.

सावली पायऱ्या उतरत खाली येईपर्यंत ती दोघं तिथे बसली होती. रिकाम्या अंगणात तिसरं कुणी आलं नाही.